चाळीस नंबरांची वही

सकाळी सातला फोन सुरू होतो.
सातला म्हणजे सातला. सहा एकोणसाठला वाजला
तर मी उचलत नाही, तो सांबऱ्याचा भरमा असतो.
रोज पहिला नंबर मागतो, अकराला येतो,
आणि आपला नंबर दुसऱ्यालाच देऊन बाकावर बसतो,
"जाऊ दे गे तिला, कडेवर पोर हाय."

वहीत चाळीस रेघा.
नंबर, नाव, गाव, आणि काय होतंय.
हा शेवटचा रकाना हंचिनमनी डॉक्टरांनी वाढवला.
दावणगेरेहून वडगावात आले तेव्हा
त्यांच्याकडे मराठी दोनच : 'बसा' आणि 'जीभ दाखवा'.
माझं कन्नड बाजारातलं, भाव, वजन, सुट्टे.
मध्ये एक हिरवा पडदा,
पडद्यापाशी मी.

नंदिहळ्ळीची निळव्वा म्हणाली, अंगात कणकण हाय.
मी सांगितलं, ज्वर.
डॉक्टर म्हणाले, थर्मामीटरला तसं वाटत नाही.
मग मी माझ्याच दंडावरून बोटं फिरवून दाखवली,
तापाच्या आधी कातडीला जे कळतं, ते.
त्यांनी खिशातली डायरी काढली,
गोल गोल कन्नड अक्षरांत लिहिलं, कणकण.
पुढे तिथे ठणका आला, चमक आली, मुरडा, शिणवटा,
'पोटात कालवतं'ला अर्धं पान लागलं.
'कसंतरीच होतंय'पुढे अजून नुसतं प्रश्नचिन्ह आहे.

मीही शिकले. चुकत.
पहिल्याच महिन्यात गोकाकचे बसवण्णेप्पा आले,
पोटावर हात, डोळे मिटलेले,
"संकट आगाकत्तैत्री."
मी रकान्यात लिहिलं : संकट.
खुर्ची पुढे केली, पाणी दिलं,
हळू आवाजात विचारलं, जमिनीचं, की पोराबाळांचं?
ते बघतच राहिले.
पोटात ढवळत होतं त्यांच्या, एवढंच.
गुलाबी औषधाची बाटली घेऊन गेले.

आता डॉक्टरांच्या मुलाने
मोबाईलवर नंबर लावायची सोय केलीय.
तिथे पाच चौकोन : ताप, खोकला, पोट, सांधे, इतर.
शहापूरची शिकलेली पोरं घरूनच दाबतात,
आणि निम्मी 'इतर' दाबतात.
ती दारात आली की मी वही उघडते.

परवा तुडयेची रखमव्वा आली, घाट चढून आल्यासारखी धापत.
पदराच्या गाठीतून कार्ड काढलं.
कार्ड त्या बाजूचं, छाती या बाजूला आलेली.
डॉक्टरांनी पैसे घेतले नाहीत, सिव्हिलची चिठ्ठी दिली.
खिडकीवर काय म्हणायचं ते मी
आपल्या अक्षरांत लिहून दिलं :
'नन्न एदी नोयाकत्तैत्री.'
'नन्न' म्हणजे माझीच ना, तिने दोनदा विचारून घेतलं,
उगं दुसरीची छाती तपासायला नको.
रिक्षात बसेपर्यंत ती ते पुटपुटत होती,
नन्न एदी, नन्न एदी.
भरमा तिच्यासोबत गेला. त्याला कन्नड येतं.
तो रोज कशाला येतो, हे मी अजून रकान्यात लिहिलेलं नाही.

गुरुवारी सगळे गेल्यावर
चाळीसच्या खाली पट्टीने एक रेघ ओढली.
एकेचाळीस. माझं नाव. वडगाव.
पुढे पेन थांबलं.
चार महिने रात्री तीनला जाग येते,
उशी ओली, आणि गळ्यापाशी काहीतरी
जे ना ठणका, ना कळ, ना कणकण.
इतक्यांचं लिहिलं, तरी.

पडद्याआड डॉक्टरांनी विचारलं, नीट मराठीत,
"काय होतंय?"
मी म्हटलं, संकट.
त्यांनी डायरी उघडली नाही.
खुर्ची पुढे केली, पाणी दिलं,
हळू आवाजात विचारलं,
"कुठल्या भाषेतलं?"

बाहेर फोन वाजत होता.
वाजू दिला.